सुटण्याच्या रेषेवरच संपलेली शर्यत : केप टाउन, मार्च २०१७

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये दर मार्च महिन्यात, बहुधा दुसऱ्या रविवारी, हौशी सायकलपटूंची एक प्रचंड शर्यत भरते, केप टाउन सायकल टूर. १२ मार्च २०१७ ला तिची चाळिसावी खेप होती. सुमारे ३५,००० जणांनी नावं नोंदवली होती, मार्ग १०९ किलोमीटरचा होता. सकाळी पहिले काही गट सुटले आणि थोड्याच वेळात शर्यत रद्द झाल्याचं जाहीर झालं. मुख्य कारण वारा. त्या सकाळचे व्हिडिओ जगभर फिरले. माणसं दोन्ही हातांनी सायकल घट्ट धरून उभी आहेत, आणि सायकल जमिनीला समांतर होऊन पताकेसारखी फडफडते आहे.

लोकांनी ते हसत हसत एकमेकांना पाठवलं. पण शर्यती भरवणाऱ्या, त्यांत स्वयंसेवक म्हणून उभं राहणाऱ्या किंवा नुसतंच पैसे भरून भाग घेणाऱ्या कोणालाही या प्रकरणातून बरंच घेता येईल. शर्यत थांबवली हे योग्यच झालं, त्यावर माझ्या मते वाद घालण्यात अर्थ नाही. प्रश्न वेळेचा आहे. वारा येणार हे आदल्या दिवशी माहीत होतं. मग हजारो लोक पहाटेच्या अंधारात सायकली घेऊन त्या वाऱ्यात येऊन उभे राहीपर्यंत निर्णय का लांबला? आणि लांबला तो चूक म्हणून की नाइलाज म्हणून?

शर्यत कशी आहे

सुरुवात १९७८ ची. त्याआधी बिल मायलरी आणि जॉन स्टेगमन या दोघांनी शहरात सायकलींसाठी वेगळे मार्ग असावेत म्हणून एक मोठी सायकल फेरी काढली होती. त्या मागणीतून शर्यतीची कल्पना निघाली. पहिल्या वर्षी जेमतेम पाचशे-सव्वापाचशे लोक होते. ‘केप आर्गस’ या वर्तमानपत्राचं नाव बरीच वर्षं शर्यतीला जोडलेलं होतं, त्यामुळे जुने लोक अजून तिला नुसतं ‘आर्गस’च म्हणतात. आपल्याकडून कॉम्रेड्स मॅरेथॉनला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या धावपटूंना दक्षिण आफ्रिकेतल्या अशा जुन्या, शहराने आपलंसं केलेल्या शर्यतींची हवा चांगली ठाऊक आहे. सायकल टूरचंही तसंच आहे. पुढे व्यावसायिक संघ असतात, त्यांच्या वेळा वर्तमानपत्रात येतात, पण ही शर्यत खरी त्यांच्या मागच्यांची. बँकेतले कारकून, शाळेचे शिक्षक, साठी ओलांडलेले आजोबा, टँडमवर, म्हणजे दोघांच्या सायकलवर, बसलेलं जोडपं. प्रत्येकाच्या वेळेची अधिकृत नोंद होते आणि ती वेळ सुधारण्यासाठी माणसं वर्षभर घाम गाळतात.

मार्ग केप द्वीपकल्पाला जवळजवळ पूर्ण वळसा घालतो. शहराच्या मध्यातून सुटायचं, डोंगराच्या पूर्वेकडून दक्षिणेला निघायचं, म्युझेनबर्गला समुद्र गाठायचा, फॉल्स बे उपसागराच्या काठाने सायमन्स टाउनवरून खाली जायचं. मग द्वीपकल्प ओलांडून अटलांटिकच्या बाजूने परतीचा रस्ता: स्कारबरो, कॉमेकी, नूर्दहुक, चॅपमन्स पीक, हाउट बे, आणि शेवटी सुइकरबॉसी हा पाय मोडणारा चढ. त्यानंतर कॅम्प्स बेवरून ग्रीन पॉइंटला शेवट. चॅपमन्स पीकचा रस्ता १९२२ साली खुला झाला. नऊ किलोमीटरमध्ये ११४ वळणं, एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. वाऱ्याच्या दिवशी या रस्त्याचा विचार आधी करावा लागतो.

इतके लोक एकदम सोडता येत नाहीत. आधीच्या शर्यतींतल्या वेळेप्रमाणे प्रत्येकाला गट मिळतो आणि गट काही मिनिटांच्या अंतराने सुटतात. पहिला गट उजाडताना निघतो आणि शेवटचा निघेपर्यंत सकाळ बरीच वर आलेली असते. कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करायची मुदत, सात तासांचा. म्हणजे सर्वांत वेगवान सायकलपटू शेवटच्या रेषेवर पोहोचतात, तेव्हा सर्वांत मागचे अजून शहराबाहेरही पडलेले नसतात. सकाळी नऊच्या सुमाराला जवळजवळ सगळ्या मार्गावर कुठे ना कुठे लोक असतात. ३५,००० पैकी निम्मे जरी रस्त्यावर धरले, तरी एका किलोमीटरमागे सरासरी दीडशेच्या वर माणसं होतात. हा आकडा लक्षात ठेवायला हवा. निर्णयाचा सगळा हिशोब त्याच्याभोवती फिरतो.

शनिवार

केप टाउनचा उन्हाळी आग्नेय वारा प्रसिद्ध आहे. शहरातली हवा धुऊन काढतो म्हणून लोक त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात. टेबल माउंटनवर ढगांची चादर पसरली की समजायचं, डॉक्टर आले. हा वारा डोंगराला धडकतो, डेव्हिल्स पीकच्या कडेने वळसा घेतो आणि शहराच्या मध्यभागात खाली उतरताना जोर धरतो. त्यातही फोरशोर हा भाग सगळ्यांत वाईट. समुद्रात भराव घालून तयार केलेली ही सपाट जमीन, आणि तिच्यावर रुंद रस्ते आणि उंच इमारती. उंच इमारतीवर आदळलेला वारा खाली फेकला जातो आणि कोपऱ्यांवर आणखी वेगाने सुटतो. त्या वर्षी शर्यत सुटणार होती ती नेमकी याच भागातून, सिव्हिक सेंटरच्या परिसरातून. जागा मोकळी आहे, हजारो लोकांना रांगेत उभं करता येतं, रेल्वे स्टेशन जवळ आहे. वारा सोडला तर जागेत काही खोट नाही.

त्या शनिवारी आयोजकांच्या डोक्यावर वाऱ्याइतकंच मोठं दुसरं संकट होतं. हाउट बेमधल्या इमिझामो येथू या दाट झोपडवस्तीत आदल्या रात्री भीषण आग लागली होती. त्याच वाऱ्याने ती पसरवली. काही जणांचा जीव गेला, हजारो लोक बेघर झाले. शर्यतीचा मार्ग हाउट बेमधूनच जातो. शिवाय मार्गालगतच्या दुसऱ्या एका भागात निदर्शनं चालली होती.

आग विझवणारे बंब, रुग्णवाहिका, पोलीस, वाहतूक अधिकारी ही सगळी यंत्रणा शहराची एकच. रविवारी तीच शर्यतीला पुरायची आणि तीच हाउट बेला. मला वाटतं, या गोष्टीकडे नंतरच्या चर्चेत फार कमी लक्ष दिलं गेलं, कारण उडणाऱ्या सायकली बघायला जास्त मजेशीर होत्या. शर्यतीसाठी रस्ते बंद ठेवायचे म्हणजे ज्या वस्तीतून लोकांना बाहेर काढायचं, तिच्या वाटाही अडवायच्या. वारा शून्य असता तरी त्या रविवारी पूर्ण १०९ किलोमीटर चालवणं जड गेलं असतं.

मग शनिवारीच रद्द का नाही केली? एक तर हवामानाचा अंदाज कसा मिळतो ते पाहा. अंदाजातला वाऱ्याचा आकडा बहुधा सरासरीचा असतो. मोकळ्या मैदानात दहा मीटर उंचीवर, दहा मिनिटांची सरासरी. माणसाला आडवं पाडतो तो झोत, काही सेकंदांचा. मोकळ्या जागीही झोत सरासरीच्या सव्वा ते दीडपट सहज जातो, इमारतींच्या मध्ये त्याहून जास्त. ‘ताशी ५५ ते ६० किलोमीटर’ असा अंदाज हातात असलेल्या माणसाला सिव्हिक सेंटरच्या कोपऱ्यावर पहाटे साडेपाचला काय होईल ते त्या आकड्यावरून कळत नाही.

आणि दुसरं म्हणजे या शर्यतीचा स्वतःचा इतिहास. २००९ साली जोरदार वाऱ्यातही ती झाली होती. तेव्हा लोक पडले, शिव्या घातल्या, आणि पुढे कितीतरी वर्षं ‘आम्ही त्या वर्षी होतो’ म्हणून कॉलर ताठ करून फिरले. अशा शर्यतीत वारा हा सहभागींच्या मानाचा भाग होऊन बसतो. एकदा निभावलं की पुढच्या वेळी तोच मापदंड ठरतो. तसं पाहिलं तर थांबवण्याचा आणि आखडतं घेण्याचा अनुभवही गाठीशी होताच. २००२ मध्ये पारा ४२ अंशांच्या आसपास गेला तेव्हा शर्यत मध्येच थांबवावी लागली होती. मार्च २०१५ मध्ये द्वीपकल्पाच्या डोंगरांवर वणवा पेटला, चॅपमन्स पीक बंद झाला, तेव्हा आठवडाभराच्या आत मार्ग बदलून शर्यत ४७ किलोमीटरची केली गेली. ती वेळ आयोजकांनी फार छान निभावली. पण वणवा आठवडाभर आधी लागला होता. २०१७ मध्ये हातात एक रात्र होती.

वाऱ्याचं गणित

वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शाळेत शिकलेलं हे वाक्य प्रत्यक्षात काय करतं ते आकड्यांत मांडून बघू. ताशी ५० किलोमीटर वाऱ्याच्या चौपट रेटा ताशी १०० ला असतो. सायकलवर बसलेल्या माणसाचं बाजूने दिसणारं क्षेत्रफळ, सायकल धरून, साधारण ०.६५ चौरस मीटर मानलं, तर ताशी १०० च्या झोतात त्याच्यावर आडवा रेटा सुमारे ३०० न्यूटन येतो. तीस किलोचं पोतं कोणीतरी बाजूने लोटावं इतका. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर तोल सांभाळण्यासाठी त्याला वाऱ्याच्या दिशेने वीस अंशांहून जास्त कलावं लागेल. कलणं तसं जमतं. झोत अचानक ओसरला की काय करायचं, हे नाही जमत. तीस किलोंचा टेकू क्षणात काढून घेतला जातो आणि माणूस वाऱ्याच्याच बाजूला आपटतो.

आता त्या व्हिडिओंतली सायकल घ्या. चांगली रोड बाइक सात-आठ किलोंची. चाकं, फ्रेम, बाटल्या मिळून बाजूचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटरच्या आत-बाहेर. ताशी १०० च्या झोतात तिच्यावरचा रेटा दहा किलो वजनाच्या घरात जातो, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त. ती उडणारच. त्या दिवशी झोत ताशी १०० किलोमीटरच्या आसपास गेल्याच्या बातम्या होत्या, आणि चित्रं त्या आकड्याशी जुळतात. खोल रिमची कार्बन चाकं असतील तर अवस्था आणखी बिकट. पुढच्या चाकावरचा आडवा रेटा हँडलच वळवतो आणि चालवणाऱ्याच्या मनाविरुद्ध सायकल दिशा बदलते. वेळ दोन मिनिटांनी कमी व्हावी म्हणून हजारो रँड खर्चून घेतलेली चाकं त्या सकाळी सर्वांत आधी शत्रू झाली.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगेखाली ज्यांनी सायकल चालवली आहे, त्यांना आडव्या वाऱ्याची चव माहीत आहे. त्यांच्यासाठी एक माप: मोठ्या पवनचक्क्या साधारणपणे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, वाऱ्याला स्वतःहून बंद होतात. ज्या यंत्राचं पोटच वाऱ्यावर भरतं ते जिथे हात वर करतं, त्याच्याही पुढच्या वाऱ्यात लोक बिब नंबर लावून उभे होते.

समोरच्या वाऱ्याचा हिशोब कोणी फारसा केला नाही, तोही करून पाहू. आग्नेय वारा म्हणजे जाताना तोंडावर, येताना पाठीवर. डोंगराच्या आडोशाला काही पट्टे सुटतात, पण फॉल्स बेच्या काठावर आडोसा नाही. तिथे ताशी ५० किलोमीटरचा वारा तोंडावर घेत एखाद्या साध्या हौशी माणसाला ताशी २० च्या वेगाने जायचं असेल, तर ४०० वॅटच्या वर ताकद लागेल. एवढी ताकद चांगला हौशी सायकलपटूही काही मिनिटांपुरतीच लावू शकतो. ताशी १० ने गेला तर दीडशे-पावणेदोनशे वॅटमध्ये भागतं, पण मग सात तासांच्या कट-ऑफमध्ये १०९ किलोमीटर विसरा. एरवी यावर उतारा म्हणजे ड्राफ्टिंग, दुसऱ्याच्या मागे दडून वारा चुकवायचा. आडव्या झोतांत मात्र चाकाला चाक लावून चालणं म्हणजे एक पडला की वीस पडणार. जो उपाय शर्यतीला शर्यत बनवतो, तोच त्या दिवशी धोक्याचा होता. म्हणजे सुटण्याच्या जागेचा वारा कसाबसा सोसून लोक निघाले असते, तरी मागच्या गटांतले हजारो जण दुपारी रस्त्याच्या कडेला स्वीप व्हॅनची, म्हणजे मागे पडलेल्यांना उचलणाऱ्या गाडीची, वाट बघत बसले असते. आणि व्हॅनमध्ये किती मावणार?

व्यावसायिकांचं उदाहरण का चालत नाही

शर्यत रद्द झाली की एक आरोप ठरलेला असतो: ‘हल्ली लोक नाजूक झालेत.’ पुरावा म्हणून व्यावसायिक शर्यती दाखवल्या जातात. २९ मार्च २०१५ ची गेंट-वेवेल्गेम त्यातली सर्वांत बोलकी. बेल्जियमच्या त्या शर्यतीत वाऱ्याने जगातले उत्तमोत्तम सायकलपटू रस्त्यावरून उचलून कडेच्या खड्ड्यांत फेकले. गेरेंट थॉमस असाच फेकला गेला, उठला, पुन्हा सायकलवर बसला आणि तिसरा आला. लुका पाओलिनी जिंकला. शेवटपर्यंत पोहोचले अवघे ३९.

वाचायला थरारक आहे. पण निघाले होते किती? दोनशेच्या आसपास. प्रत्येक संघामागे गाडी, गाडीत मेकॅनिक, शर्यतीबरोबर डॉक्टर. ज्याला नको वाटलं तो गाडीत बसला. म्हणजे तिथे मोठ्या संख्येने शर्यत सोडणं शक्य होतं, म्हणूनच ती पुढे चालू शकली. त्याआधी २०१३ च्या मिलान-सान रेमोमध्ये बर्फ इतका पडला की ओवादा गावात शर्यत थांबवून सायकलपटूंना बसमध्ये बसवलं, डोंगर ओलांडून पलीकडे उतरवलं आणि शर्यत पुन्हा सुरू केली. ३५,००० लोकांना कोणत्या बसमध्ये बसवणार?

व्यावसायिक शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची, म्हणजे यूसीआयची, टोकाच्या हवामानासाठी एक आचारसंहिता आहे. गोठवणारा पाऊस, रस्त्यावर साचलेला बर्फ, जोराचा वारा, टोकाचं तापमान, धुकं, प्रदूषण यांपैकी काही दिसलं की आयोजक, डॉक्टर, पंच, संघांचे आणि सायकलपटूंचे प्रतिनिधी यांनी एकत्र बसून ठरवायचं. वेळ बदला, मार्ग बदला, काही भाग वगळा किंवा रद्द करा. वाऱ्यासाठी तिच्यात ठरावीक आकडा नाही. बैठकीवर भरवसा आहे. ते दोनशे अनुभवी लोकांच्या बाबतीत ठीकच. हौशी शर्यतीत त्या बैठकीला सायकलपटूंच्या बाजूने कोण बसणार? कोणाचा प्रतिनिधी? पहिल्या गटातल्या तगड्या माणसाचा आणि शेवटच्या गटात पहिल्यांदाच १०० किलोमीटर ओलांडायला निघालेल्या बाईंचा धोका एकसारखा नाही. हौशी शर्यतीचा आयोजक या सगळ्यांच्या वतीने एकटाच ठरवतो. त्यामुळे त्याला बैठकीपेक्षा आकड्याची गरज जास्त आहे.

रविवारची सकाळ

सुटण्याच्या जागी लोक उभेच राहू शकत नव्हते. कोणी कठड्याला धरून, कोणी सायकलवर झोपून, कोणी दोघं-तिघं मिळून एकमेकांना धरून. काही गट निघालेही. पुढे सायकलपटू पडू लागले तेव्हा शर्यत थांबवण्यात आली आणि निघालेल्यांनाही अडवण्यात आलं. जाहीर केलेल्या कारणांत वाऱ्याबरोबर आग आणि निदर्शनं होती.

इथे आयोजकांना एका गोष्टीचं श्रेय द्यायला हवं. काही गट निघाल्यानंतर थांबवणं हे मनाला फार जड जातं. पुढचे निघालेत तर मागच्यांनाही सोडू, त्यांच्यावर अन्याय नको, असा विचार आपसूक येतो. वर्षभराचं काम, प्रायोजक, परदेशातून आलेले लोक, चाळिसाव्या खेपेचा गाजावाजा. हातातोंडाशी आलेला घास असा टाकायला हिंमत लागते. आणखी दोन तास घालवले असते तर हजारो लोक मार्गभर पसरले असते, पुढचे चॅपमन्स पीकच्या वळणांवर, मागचे अजून महामार्गावर. शंभरातला एक पडला असता तरी शेकडो जखमी, १०९ किलोमीटरवर विखुरलेले, बंद रस्त्यांवर, आणि शहराच्या रुग्णवाहिका हाउट बेच्या आगीत गुंतलेल्या. सुटण्याच्या जागेजवळ थांबवल्यामुळे लोक चालत घरी गेले. शर्यतीसाठी आणलेलं पाणी आणि खाद्यपदार्थ आगीत सर्वस्व गमावलेल्यांकडे वळवले गेले, हेही शर्यत तिथेच थांबली म्हणून झालं.

थोडक्यात, रविवारी सकाळी जी माहिती होती तिच्यावर घेतलेला निर्णय निर्दोष होता. माझा आक्षेप शनिवारच्या रात्रीवर आहे.

काय करता आलं असतं

शनिवारी थेट रद्द करायला हवी होती, असं मी म्हणणार नाही. शनिवारी रद्द केली आणि रविवारी वारा पडला, असं झालं असतं तर पुढच्या वर्षीच्या अंदाजावर कोणी विश्वास ठेवला नसता. पण ‘होणार’ आणि ‘रद्द’ यांच्या मध्ये एक तिसरा निरोप असतो, आणि तो शनिवारी संध्याकाळी द्यायला काही अडचण नव्हती: पहाटे चार वाजता सुटण्याच्या जागी वारा मोजू, झोत अमुक आकड्याच्या वर असले तर शर्यत नाही, साडेचारला कळवू, तोवर घरातून निघू नका. मोबाइलवर असा निरोप पोहोचवणं २०१७ मध्ये अवघड नव्हतं. हजारो लोक अंधारात त्या इमारतींच्या मध्ये येऊन उभे राहिले, हाच त्या दिवशीचा सर्वांत मोठा टाळता येण्याजोगा धोका होता, आणि तो शर्यत सुरू होण्याच्या आधीचा होता.

तो आकडा कोणता असावा? मी झोतांचा आकडा घेईन, सरासरीचा नव्हे, आणि तो विमानतळावरच्या वेधशाळेचा न घेता सुटण्याच्या जागी आणि चॅपमन्स पीकवर, सायकलस्वाराच्या डोक्याच्या उंचीवर हातातल्या वारामापकाने घेतलेला. ताशी ७० ला आडवा रेटा १०० च्या निम्मा होतो, तोल सांभाळायला दहा-अकरा अंश कलावं लागतं. सराव असलेल्याला ते जमेल, नवख्याला नाही. म्हणून हौशींसाठी माझी रेघ ७० च्याही खाली, ६० च्या आसपास पडेल. केप टाउनचे लोक यावर हसतील हे मला कळतं. त्यांच्याकडे उन्हाळ्यात असा वारा नेहमीचा आहे आणि त्या हिशोबाने शर्यत वारंवार धोक्यात येईल. पण मग गट वेगळे करता येतात. अनुभवी गटांना ७०, मागच्या गटांना ६०. लोक आधीच्या वेळांवरून गटांत विभागलेलेच आहेत, ती विभागणी फक्त सुटण्याच्या क्रमासाठी वापरायची असं कुठे लिहिलंय?

आणि सुटण्याची जागा. फोरशोरवर दर मार्चमध्ये वारा येण्याची शक्यता असताना, वाऱ्याच्या दिवसासाठी दुसरी, आडोशाची जागा कागदावर तयार हवी. रस्ते बंद करण्याच्या परवानग्या दोन आराखड्यांच्या घ्याव्या लागतील, पोलिसांची डोकेदुखी वाढेल, खर्चही. २०१५ मध्ये आठवड्यात नवा मार्ग उभा करणाऱ्या यंत्रणेला हे जमण्यासारखं आहे. पण इमारतींतला वारा चुकला तरी फॉल्स बेचा वारा तसाच राहणार, त्यामुळे पर्यायी जागेबरोबर पर्यायी छोटा मार्गही लागतो. डोंगराच्या आडोशाला राहणारा, चाळीस-पन्नास किलोमीटरचा.

राहता राहिला पैशाचा मुद्दा. अशा शर्यतींच्या नोंदणीच्या अटींत रद्द झाल्यास पैसे परत मिळणार नाहीत, हे बहुधा लिहिलेलं असतं. लोक ते वाचत नाहीत आणि नंतर चिडतात. आयोजकांची बाजूही खोटी नाही. रस्ते बंद करण्याचा, टीशर्टांचा, पदकांचा, वैद्यकीय पथकाचा खर्च शनिवारपर्यंत होऊन गेलेला असतो. वर ही शर्यत चालवणारा ट्रस्ट सायकलिंगच्या आणि समाजकार्याच्या संस्थांसाठी पैसा उभा करतो. तरीही परताव्याचा प्रश्न थांबवण्याच्या निर्णयापासून वेगळा ठेवायला हवा, कारण पैसे परत द्यावे लागतील या भीतीने शर्यत रेटून नेणारा आयोजक आणि पैसे बुडाले या रागाने झोतात सायकल ढकलणारा सहभागी, दोघंही एकाच चुकीच्या दिशेने जातात. हवामानामुळे रद्द झाल्यास शुल्काचा किती भाग पुढच्या वर्षीच्या नोंदणीत वळता करायचा, हे टक्क्यांत आधीच छापलेलं असावं. मग पहाटे चार वाजता वारामापक हातात धरलेल्या माणसाला फक्त आकडा वाचायचा उरतो.